पोटऱ्या भरू लागल्या

३ मार्च

दादाला आज घरी आणलं. बंदरावरच्या दवाखान्यात तो बाकावर बसला होता आणि बाबा त्याच्यासमोरून सरळ पुढे निघून गेले. मी थांबले, पण ओळखलं म्हणून नाही. तो माणूस माझ्याकडे बघून हसला म्हणून. दात तेवढे ओळखीचे होते.

दादा कामाला होता त्या जहाजाच्या मालकाने आधी तेल पाठवणं बंद केलं, मग अन्न, मग फोन उचलणं. कागद पुरे झाल्याशिवाय कोणी खाली उतरायचं नाही, असं बंदरवाल्यांचं म्हणणं. किनाऱ्यावरची दुकानं दिसत होती म्हणे, पाट्यासुद्धा वाचता येत होत्या, आणि जहाजावर हे लोक पिठाचं पाणी उकळून पीत होते. परवा एकदाचं सगळ्यांना उतरवलं.

डॉक्टरांना माझ्याशी बोलायला वेळ नव्हता. कागद हातात देऊन म्हणाले, "एकदम पोटभर द्यायचं नाही. थोडं थोडं, बऱ्याच वेळा, हळूहळू वाढवत. गोळ्या रोज. तीन दिवसांनी तुमच्याकडे रक्त तपासून घ्या, विसरू नका." मी "का?" म्हणेपर्यंत ते पुढच्या खाटेशी पोचले होते. नर्स म्हणाली, "पोटाला सवय राहिलेली नसते ना."

दादा सोडला तर घरात वाचता येणारी मी एकटी. बाबांना आकडे येतात, आईला सही. त्यामुळे कागद माझ्याकडे, आणि कागद ज्याच्याकडे त्याच्याकडे सगळंच. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचे कागद तपासते, चुका काढते. या कागदात चूक काढायला काही नव्हतं, तरी गाडीत तो चारदा वाचला.

जिना बाबा दादाला पाठीवर घेऊन चढले. वर आल्यावर म्हणाले, "कापडाचा गठ्ठा जड असतो याच्याहून." आणि मग खाली दुकानात गेले ते जेवायलाच वर आले.

४ मार्च

सकाळी अर्धी वाटी पातळ लापशी. नंतर थोडं दूध. दुपारी उकडलेला बटाटा कुस्करून, लिंबाएवढा. दादा प्रत्येक वेळी "थँक्यू" म्हणतो. हॉटेलात वेटरला म्हणावं तसं. आई त्यावरून रडली.

खाताना तो दाराकडे बघत असतो. संपल्यावर मागत नाही. नुसता वाटीकडे बघतो, आणि मी वाटी उचलली की माझ्या हाताकडे.

पोट ठीक आहे. उलटी नाही, जुलाब नाही. मी तासातासाला विचारते. शेवटी तो म्हणाला, "अगं, झाले तर सांगीन की. खोली केवढी आहे, तुला कळणारच."

संध्याकाळी आत्या आली. चपला काढायच्या आधीच, "काय दिलंस जेवायला?" मी सांगितलं. आत्या म्हणाली, "चिमणी पाळलीयस का?" मग आईकडे वळून, "मास्तरीणबाईंना शिकवलंत ना, भोगा आता. भावाच्या तोंडचा घास मोजतेय."

मला वाटलं, आई माझी बाजू घेईल. बाजू घेतली नाही असंही नाही म्हणता येणार. तिने फक्त गॅसवरचं पातेलं उगाच ढवळलं.

५ मार्च

दादा आज बराच वेळ बोलला. आवाज अजून लहान मुलासारखा येतो. जहाजावर एक म्हातारा यंत्रवाला होता, सगळे त्याला मामा म्हणत. शेवटी शेवटी आपल्या वाटणीचं पाणी तो दुसऱ्यांना द्यायचा आणि म्हणायचा, मी आयुष्यभर तेल प्यायलोय, मला काय होतंय.

"उतरवलं ना आम्हाला," दादा म्हणाला, "तर किनाऱ्यावरच कोणीतरी मोठं पातेलं घेऊन आलं होतं. मामाने दोन ताटं भात खाल्ला. वर गोड चहा, ब्रेड. ढेकर दिला एवढा मोठा. आम्ही टाळ्या वाजवल्या."

"मग?"

"मग झोपला आणि पुढच्या दिवशी गेला. आम्ही दवाखान्याच्या रांगेतच होतो. सगळे म्हणाले, हृदय कमजोर असणार. पण पोटभर जेवून गेला बघ."

किती वाईट. एवढं सगळं सोसून किनाऱ्याला लागायचं आणि मग जायचं. वय झालं होतं बिचाऱ्याचं.

आज लापशी थोडी वाढवली. पोट ठीक.

६ मार्च

आज घरात पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

बाबा दुपारी वर आले ते गळ्यात टेप तसाच. दादा पाय पसरून भिंतीला टेकून बसला होता. बाबांनी न बोलता त्याच्या पोटरीला टेप लावला, मग घोट्याला. त्यांना वही लागत नाही. गल्लीतल्या कोणाचंही माप विचारा, तोंडपाठ. दादा आला त्या दिवशीच त्यांनी तो झोपेत असताना पायांचं माप घेतलं होतं, हे आम्हाला आज कळलं. कंबर-छाती का नाही घेतली, आईने विचारलं, तर म्हणाले, "तिकडे हात लावायची हिंमत झाली नाही."

टेप दोनदा लावून बघितला. मग आईला हाक मारली. "इकडे ये. पोटऱ्या भरू लागल्या."

खरंच भरल्यात. घोट्याची हाडं तो आला तेव्हा दाराच्या मुठीसारखी दिसत होती, ती आता दिसत नाहीत. चेहराही, डोळ्यांखाली, जरा गुबगुबीत. आई म्हणाली, "लहानपणी असाच होता." बाबांनी खाली जाऊन राखाडी कापड काढलं. पॅन्ट बेतायला घेतलीसुद्धा. कमरेत भरपूर माया सोडणार आहेत, सारखी उसवून वाढवता येईल म्हणून.

रक्त तपासायचं आज होतं. मी सकाळी लॅबमध्ये जाऊन आले. घरी कोणी येत नाही, पेशंटला आणा म्हणाले. दादाला जिना उतरवायचा म्हणजे बाबांची पाठ. आणि उद्या रविवार, बंद. सोमवारी नेऊ. मला हे बरोबर वाटत नाही. पण टेप खोटं बोलत नाही. जे डोळ्यांना दिसतंय तेच बघायला रक्त कशाला काढायचं, असं आई म्हणते.

७ मार्च

आज मी हो म्हटलं. कसं म्हटलं ते नीट लिहिते.

आत्या मोठा डबा घेऊन आली. दूधभात, साखर घातलेला. अंडी. बटाटे. वर बेकरीतला केक. मी दारातच म्हटलं, इतकं नको. आत्याने डबा खाली ठेवला आणि पहिल्यांदाच टोमणा न मारता म्हणाली, "बाळ, तू सांगशील तसं करू. पण तुझा बाप सांगतोय की पोर भरतंय. मग आता कोणासाठी राखून ठेवायचं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बाबासुद्धा. मला वाटलं, मी काळजी करते ती दादाची, की कागदाची? ऑफिसात एक अक्षर चुकलं तरी मला झोप लागत नाही. ही तशीच सवय असेल. पोट ठीक आहे. पाय भरताहेत. 'हळूहळू वाढवा' असं लिहिलंय. चार दिवस म्हणजे हळूहळूच झालं की.

दादाने मला विचारलं, "चालेल?"

मी म्हटलं, "चालेल."

तो जेवला. बघवत नव्हतं आणि नजरही हलत नव्हती. आत्या वाढत होती, आई पुसत होती, बाबा ताटाजवळ उकिडवे बसले होते. केक खाताना तो "थँक्यू" म्हणाला नाही, विसरला. मला बरं वाटलं.

उलटी नाही. काही नाही. आत्या जाताना माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "मास्तरीण पास झाली."

८ मार्च

दादा दिवसभर झोपून आहे. शरीर भरून काढतंय. उठवलं की खातो, पुन्हा झोपतो. हातापायाला मुंग्या येतात म्हणतो. बधिर झालेल्या भागात रक्त परत येतं तेव्हा येतातच मुंग्या, पायावर बसून उठलं की येतात तशा.

आडवं झालं की दम लागतो म्हणून उशा लावून बसूनच झोपतो. छातीत मासा उड्या मारतोय म्हणाला. मी हात ठेवून बघितला. खरंच, थांबतं आणि मग घाईघाईने दोनतीनदा. इतक्या दिवसांनी पोटभर जेवला, शरीराला धांदल झाली असणार. पोट मात्र ठीक.

लॅबला नेणार होते. झोपेतून उठवायचं जिवावर आलं.

हे लिहिताना का कोण जाणे, मला पाय गार पडल्यासारखे वाटताहेत. माझे.

१० मार्च

काल लिहिता आलं नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. दादा आत आहे, तारा लावलेल्या. जिवंत आहे. आधी एवढं लिहून ठेवते.

काल सकाळी बाबा पॅन्ट घेऊन वर आले. दादाला धरून उभं केलं. पाय आत जाईनात. पोटरीपाशी कापड अडकलं, आणि वर मांडीला तेच कापड रिकामं लोंबत होतं. बाबांनी ती काढली, पुन्हा घातली. "असं कसं होईल," म्हणत राहिले, "वर रिकामं आणि खाली घट्ट? माझंच बेतणं चुकलं." स्वतःवरच चिडले. इतक्या वर्षांत त्यांचं बेतणं चुकलेलं मी पाहिलेलं नाही.

पॅन्ट काढली तेव्हा शिलाईची रेघ दादाच्या पोटरीवर उमटलेली होती. खोल. मी ती पुसायला गेले, म्हणजे चोळून घालवायला, आणि माझा अंगठा जिथे टेकला तिथे खळगा पडला. पडला आणि तसाच राहिला. मळलेल्या कणकेत राहावा तसा. मी बाजूला दाबलं. दुसरा खळगा. ते मांस नव्हतं.

"दादा, तुला बरं वाटतंय ना?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मामा, दोन दोन दिसतंय रे सगळं." शर्टाचं बटण लावायचं म्हणून त्याने हात उचलला आणि तो छातीपर्यंत पोचलाच नाही. ओठ निळसर.

खालच्या मजल्यावरच्या रिक्षावाल्याने भाडं सोडून आम्हाला आणलं. वाटेत आई सारखी म्हणत होती, "कालपर्यंत चांगला जेवला हो." जणू तो रिक्षावाला डॉक्टर होता.

इथल्या डॉक्टर बाई तरुण आहेत, माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांनी आधी काम केलं आणि मग मला बाहेर येऊन सांगितलं. मला जेवढं समजलं तेवढं लिहिते. उपाशी शरीर स्वतःलाच खाऊन जगतं, सगळं मंद करून टाकतं. मग अचानक साखर, भात आला की सगळं एकदम कामाला लागतं आणि रक्तात उरलेसुरले क्षार ओढून घेतं. रक्तात काही राहत नाही. हृदय त्या क्षारांवरच चालतं. आणि पायांत, चेहऱ्यावर पाणी साठतं.

"पण पोट ठीक होतं," मी म्हटलं. "उलटी नाही, जुलाब नाही. मी रोज बघत होते."

"पोटाचा प्रश्नच नव्हता," त्या म्हणाल्या. "रक्त बघायचं होतं. म्हणून तर तपासायला सांगतात." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आम्हाला वाटलं, अंग भरतंय."

"कोणी सांगितलं?"

भिंतीपाशी उभ्या असलेल्या बाबांनी, शाळेत मुलं करतात तसा, हात वर केला. "मी मापलं," म्हणाले.

डॉक्टर बाईंनी ते लिहून घेतलं. मलाच बोलायला हवं होतं. माप बाबांचं होतं, पण 'चालेल' माझं होतं.

तो म्हातारा मामा. दोन ताटं भात. दादाने मला सगळं सांगितलं होतं, आणि मी लिहूनही ठेवलं, वय झालं होतं म्हणून. दादाने "चालेल?" का विचारलं असेल? त्याला आतून कुठेतरी माहीत होतं का? मी नाही म्हटलं असतं तर तो नक्की थांबला असता. हे मला माहीत आहे आणि हे मला कोणालाच सांगता येत नाहीये.

११ मार्च

क्षार सुईतून जाताहेत, अगदी थेंबाथेंबाने. ते भरभर दिले तरी धोका. खाणं पुन्हा कमी केलं. आईला हे पटेना. नर्सला म्हणाली, "अहो, उपाशी होता म्हणून आणला, आणि तुम्ही परत उपाशी ठेवता?" नर्स बिचारी समजावत होती. आई ऐकून घेत होती आणि पदराखाली पिशवीत केळी होती. ती मी काढून घेतली. भांडण झालं नाही, इतकी ती घाबरलेली आहे.

आत्या आली. माझ्याजवळ बाकावर बसली. मी वाट बघत होते, काय म्हणेल. म्हणाली, "तो डबा मी आणला ना?" मी म्हटलं, "हो." म्हणाली, "मग तू कशाला असं तोंड करून बसलीस?" मी म्हटलं, "पण 'चालेल' मी म्हटलं." थोड्या वेळाने तिने मला विचारलं, तू जेवलीस का. मला हसू आलं आणि मग ते थांबेना. शेवटी नर्स बाहेर आली.

१३ मार्च

छातीतला मासा शांत झालाय. आज त्याने मला माझ्या नावाने हाक मारली. डॉक्टर म्हणाल्या, आता सांगता येतं की तो वाचला. परवापर्यंत सांगता येत नव्हतं. बाबा बाहेर जाऊन उगाच जिन्यावर बसून आले.

पाय उतरताहेत. म्हणजे पाणी जातंय, आणि खाली पुन्हा तीच काडी. मुलगा बारीक होतोय म्हणून आनंद मानायचा, हे आईला जमत नाही. मला जमतंय, पण सवय व्हायला वेळ लागेल.

१४ मार्च

दुपारी नर्स दुसरीकडे गेली होती. जाताना मला म्हणाली, तेवढी लापशी भरवा. मला चमचा धरवेना. वाटलं, माझ्या हातून नको. मला भीती नेमकी कशाची वाटते? तो मरेल याची, की माझ्यामुळे मरेल याची? पहिली भीती बहिणीची. दुसरी कोणाची, ते मला लिहायचं नाही.

दादा म्हणाला, "दे की."

"नर्स येऊ दे."

"तूच दे. तू मोजून देतेस."

दिली. जेवढी सांगितली होती तेवढीच.

२१ मार्च

दादा घरी आला. या वेळी जिना स्वतः चढला, दर वळणावर थांबत. कागद पुन्हा माझ्याकडे, पण आता मी सगळं विचारून घेतलंय. डॉक्टर बाई शेवटी म्हणाल्या, "अजून काही?" आणि मी म्हटलं, "हो, अजून आहे." परवा, आणि मग दर आठवड्याला, रक्त. बाबांनी स्वतः सांगितलं, पाठ मोडली तरी नेईन. रोज सकाळी मी त्याच्या नडगीवर अंगठा दाबते आणि उचलून बघत राहते. कातडी लगेच वर येते. तरी पुन्हा दाबते. तो म्हणतो, "दाराची बेल आहे का ती?"

२४ मार्च

काल रक्त तपासलं. अहवाल आज आला, मी फोनवरून डॉक्टर बाईंना वाचून दाखवला. ठीक आहे म्हणाल्या. तरी खाणं ठरलेल्या पायरीनेच.

दुपारी दादाने वाटी संपवली आणि म्हणाला, "अजून दे."

"आता नाही. चार वाजता."

"थोडं."

"नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी मनातल्या मनात घाबरले होते. आता तो विचारेल, चालेल ना, आणि मी विरघळेन. पण त्याने विचारलं नाही. त्याचा चेहरा लाल झाला. म्हणाला, "तू कोण लागून गेलीस गं? कंजूस! जहाजाचा मालक बरा होता तुझ्यापेक्षा! आई, हिला सांग!" आवाज पार गल्लीत गेला असेल.

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात भांडं होतं, त्यातून वाफ येत होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने भांड्यावर झाकण ठेवलं.

"मला काय सांगतोस," ती म्हणाली, "तिला विचार."

दादाने वाटी उचलून फेकली. ती भिंतीवर आपटून गोल गोल फिरत जिन्याच्या तोंडाशी गेली आणि पायऱ्यांवरून ठणठण करत खाली. खाली बाबांचं मशीन थांबलं.

"काय पडलं?" बाबांनी विचारलं.

"वाटी," मी वरून म्हटलं. "दादाने फेकली."

"जोरात?"

"जोरात."

मग मशीन पुन्हा सुरू झालं.